आधी मागे बघायला शिकवा : आपल्या सेक्टरमध्ये सायकल वर्ग कसा घ्यावा

पहिल्या रविवारी मुलांना रस्त्यावर नेऊ नका. पालक म्हणतील, "आमच्या पोराला येते की सायकल, चार वर्षं चालवतोय." चालवत असेल. पण सायकल चालू असताना त्याला मागे वळून बघता येतं का, ते विचारा. आमच्याकडे आलेल्या बहुतेक मुलांना येत नव्हतं. मान वळली की हात वळतो, हात वळला की हँडल वळतं आणि सायकल सरळ रस्त्याच्या मध्यात जाते. आमच्या नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात. मधे उरलेल्या पट्टीतून रिक्षाही जाते, पाण्याचे जार घेऊन जाणारा टेम्पोही जातो. तिथे एवढंसं डगमगणंही महागात पडतं.

मी इथलीच. वडील माथाडी कामगार. बाजार समितीत कांदा-बटाट्याच्या गोण्या उचलायचे आणि घरून तुर्भ्याला दांडीच्या सायकलवरून जायचे, पँटच्या उजव्या पायाला कपड्यांचा चिमटा लावून. त्याच सायकलच्या त्रिकोणातून पाय घालून मी हाफ पेडल शिकले. आता आठवडाभर एका गोदामात हिशेब बघते आणि रविवारी सकाळी शेजारपाजारच्या काही जणींबरोबर मुलांचा वर्ग घेते. आमची संस्था लहान आहे, कार्यालय वगैरे काही नाही. पंप, पाने आणि फक्कीची गोणी माझ्या जिन्याखाली असते. तुमच्या सेक्टरमध्ये असं काही सुरू करायचं असेल तर हे वाचा.

जागा आधी ठरवा. शाळेचं मैदान मिळालं तर सोन्याहून पिवळं. मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, किती मुलं, किती वाजता, जबाबदार माणसं कोण, सगळं त्यात लिहा. मैदान नाही मिळालं तर सोसायटीचं आवार किंवा बागेलगतची बंद टोकाची गल्ली चालते. वेळ सकाळी ७ ते साडेआठ. त्यानंतर गाड्या धुणं, दूध, भाजी, सगळं सुरू होतं. मुलं चौथीपासून पुढची घ्या आणि पाच मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा. माणसं कमी असतील तर मुलं कमी घ्या, पुढच्या तुकडीत बोलवा. पालकांची सही आणि दोन फोन नंबर हवेतच.

पहिला अर्धा तास सायकलींचा. निम्म्या सायकली जिन्याखालून थेट आलेल्या असतात. हवा, ब्रेक, चेन, या क्रमाने बघा. टायरमध्ये किती हवा भरायची ते टायरच्या कडेवरच छापलेलं असतं. मुलांनाच ते शोधून वाचायला लावा, एकदा सापडलं की विसरत नाहीत. ब्रेक मात्र तुम्ही स्वतः तपासा. पुढचा ब्रेक पूर्ण दाबून सायकल पुढे ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा दाबून ढकला, चाक न फिरता घासत आलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावर मूठ आणि ब्रेकच्या दांड्यात बोटभर जागा उरायला हवी.

हे मी इतकं ठासून सांगतेय त्याला कारण आहे. दुसऱ्या वर्षी एक मुलगा आदल्याच दिवशी दुकानातून दुरुस्त करून आणलेली सायकल घेऊन आला. नवीन ब्रेक आहेत म्हणून मी नुसती नजर टाकली. उतारावर त्याने ब्रेक दाबला, नट नीट आवळलेला नसल्याने तार सटकली आणि तो कुंपणाच्या भिंतीवर गेला. हनुवटीला चार टाके पडले. दुकानाचं नाव काढण्यात अर्थ नाही. वर्ग माझा होता, तपासणं माझं काम होतं. त्या दिवसापासून एकही सायकल माझ्या हाताखालून गेल्याशिवाय मैदानात उतरत नाही.

आणखी दोन गोष्टी लोक बघतच नाहीत. हँडलच्या टोकांची रबरं. ती निघाली असतील तर उघडी लोखंडी नळी उरते, आणि पडताना ती पोटात घुसते. रबर नसेल तर सायकल बाजूला ठेवा. दुसरं, छोट्या हातांना ब्रेकचा दांडा पुरतो का? बऱ्याच सायकलींना दांड्याजवळ एक छोटा स्क्रू असतो. तो आवळला की दांडा मुठीच्या जवळ येतो. सहावीतल्या एका मुलीला सगळे 'घाबरट' म्हणायचे, उतार आला की ती खाली उतरून चालायची. तिची बोटं ब्रेकपर्यंत पोचतच नव्हती. स्क्रू दोन वेढे फिरवला आणि त्याच सकाळी ती उतारावरून बसून खाली आली.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे, पट्टे कानाखाली एकत्र यायला हवेत आणि हनुवटीखाली एकच बोट जाईल इतका पट्टा आवळलेला हवा. मोटारसायकलचं हेल्मेट मुलाला घालू नका, त्याच्या मानेला ते वजन पेलत नाही. विकत घेताना आत ईएन १०७८ (युरोपचं सुरक्षा मानक) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) असा शिक्का बघा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्या.

आता मुख्य काम, मागे बघणं. मैदानात फक्कीने ३० पावलं लांब सरळ रेघ मारा. मूल रेघेवरून येतं, तुम्ही त्याच्या मागे उजव्या बाजूला उभे राहा आणि "बघ!" म्हणून बोटं दाखवा. त्याने उजव्या खांद्यावरून वळून बघायचं, किती बोटं ते मोठ्याने सांगायचं आणि रेघ सोडायची नाही. पहिल्या फेरीत सगळे रेघेबाहेर जातात. "सरळ चालव" असं ओरडून काही होत नाही. कोपर ताठ असतं, तेच खरं दुखणं. कोपर सैल सोडायला सांगा, हनुवटी खांद्याला टेकवायला सांगा, कंबर वळवू देऊ नका. अजून जमत नसेल तर सायकल उभी करून, एक पाय जमिनीवर ठेवून, नुसती मान वळवायला लावा, दहा वेळा. दुसऱ्या रविवारपर्यंत बहुतेकांना जमतं. ज्याला जमत नाही त्याला तिसऱ्या रविवारीही मैदानातच ठेवा. मूल रडेल, पालक नाराज होतील. तरी ठेवा.

हे जमल्यावरच हात दाखवणं शिकवा. उजवीकडे वळायचं तर आधी मागे बघ, मग उजवा हात सरळ काढ, दोन्ही हात मुठींवर घे, पुन्हा एकदा मागे बघ आणि मग वळ. हात बाहेर असताना ब्रेकवर एकटा डावा हात उरतो आणि आपल्याकडच्या सायकलींना डावीकडे सहसा मागचा ब्रेक असतो, म्हणजे सायकल पटकन थांबत नाही. त्यामुळे वेग आधी कमी करायचा, हात नंतर काढायचा. चौकात भीती वाटली तर उतरून, सायकल हाताने धरून झेब्रावरून जायचं. त्यात कमीपणा नाही, हे मुलांना तुमच्या तोंडून ऐकू द्या.

तिसऱ्या रविवारी एक कार मागून घ्या. ती उभी करा, दार पूर्ण उघडा आणि दाराच्या टोकाखाली फक्की टाका. मग दार लावा. जमिनीवर उरलेली खूण गाडीपासून साधारण मीटरभर लांब असते. मुलांना तिथे उभं राहून ते अंतर डोळ्यांत भरून घेऊ द्या, मग त्या खुणेच्या बाहेरून सायकल न्यायला लावा. उभ्या गाडीत डोकं दिसलं, मागचा लाल दिवा लागला किंवा नुकती रिक्षा थांबली, की दार उघडणार असं धरून चालायचं. याच वेळी पालकांनाही गाडीत बसवा. उजवीकडे बसलेल्याने डाव्या हाताने दार उघडायचं आणि डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने. म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते.

ट्रकचा धडा आमच्या भागात टाळताच येत नाही. बाजार समितीचे ट्रक, ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कंटेनर, सगळे आजूबाजूला. एका मुलीच्या काकांचा टेम्पो आहे, ते रविवारी मैदानात आणून लावतात. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, किल्ली काकांच्या खिशात. एकेका मुलाला चालकाच्या जागी बसवायचं आणि बाकीच्यांनी सायकली घेऊन टेम्पोच्या डाव्या बाजूला, दाराला लागून उभं राहायचं. मग वर बसलेल्याला विचारायचं, "किती जण आहेत खाली?" गेल्या वर्षी एका मुलाने आरशात बघितलं, मान उंच केली, पुन्हा आरशात बघितलं आणि म्हणाला, "कुणीच नाही." खाली चार जण होते, त्यात त्याची सख्खी बहीण. तो खाली उतरला आणि काही न बोलता तिच्या सायकलचं हँडल धरून तिला टेम्पोपासून लांब घेऊन गेला. सिग्नलला थांबलेल्या मोठ्या गाडीच्या डावीकडून पुढे घुसायचं नाही, हे त्या तुकडीला मला वेगळं सांगावं लागलं नाही. चालक बसतो उजवीकडे, डावी बाजू त्याच्यापासून सगळ्यात लांब, आणि डावीकडे वळताना गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जातं. सायकलवाला नेमका तिथेच चिरडला जातो.

पाम बीच रस्त्याबद्दल दरवेळी विचारतात. वाशी ते बेलापूर सुमारे १० किलोमीटर सरळ, गुळगुळीत रस्ता, पहाटे सायकलवाल्या मोठ्या माणसांचे गट जातात, तर मुलांना नेऊ का? माझं उत्तर नाही. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. एवढा वेग मागून येताना ओळखणं मोठ्यांनाही अवघड आहे. मोठ्यांनी जायचं असेल तर मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, अंगात उजळ कपडे आणि एकामागे एक.

पावसाळ्यात वर्ग थांबवा, पण त्याआधी एवढं सांगून ठेवा : डबक्यातून जायचं नाही, खाली खड्डा आहे की उघडं गटार ते दिसत नाही, आणि ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून लांबूनच हलके हलके दाबत यायचं.

मुलांबरोबर आया येतात, त्यांनाही शिकवा. दोन्ही पेडल काढून टाका (डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, तो घड्याळाच्या दिशेने सैल होतो), सीट इतकी खाली घ्या की तळवे जमिनीला टेकतील, आणि पायाने ढकलत, घसरत जाऊ द्या. ओढणी आणि पदर घट्ट खोचलेला हवा. तोल सापडला की पेडल लावा. आमच्या आजच्या निम्म्या स्वयंसेविका अशाच शिकलेल्या आहेत. नोंदणीची घाई मात्र करू नका. पुढे लागेल तेव्हा सात जण मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद करता येते. पण कुणी १०० रुपये दिले तरी पावती आणि वहीत नोंद पहिल्या दिवसापासून हवी.

प्रथमोपचाराची पेटी जवळ हवी, आणि १०८ (रुग्णवाहिका) व ११२ (तातडीची मदत) हे नंबर प्रत्येकाला पाठ हवेत. रस्त्यावर कुणी पडलेलं दिसलं तर मदतीला कचरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण आहे.

चौथ्या रविवारी घर ते शाळा या रस्त्यावर मुलांना घेऊन जा, पण पायी. हातात वही आणि मोजपट्टी. जिथे भीती वाटते तिथे थांबायचं आणि लिहायचं. आमच्या मुलांना एका वळणावर पावसाळी गटाराची जाळी सापडली. तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच होत्या, दोन पट्ट्यांमधली फट ५ सेंटीमीटर आणि सायकलच्या टायरची रुंदी त्याहून कमी. चाक अलगद आत गेलं असतं. मी महापालिकेच्या कार्यालयात एकदा तोंडी सांगून आले, कुणी ऐकलं नाही. मग रीतसर अर्ज केला. तुम्हीही असाच करा : जागेजवळच्या दिव्याच्या खांबाचा नंबर, मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो, आणि एकच मागणी, "जाळी आडवी बसवावी." रस्ता सुधारा, सायकल मार्ग बांधा, कॅमेरे लावा, असं सगळं एका अर्जात कोंबू नका. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिन्याभरात काही झालं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून "माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली" एवढंच विचारा. उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते. आमची जाळी तिसऱ्या फेरीनंतर फिरवली गेली. माणसं आली, पहारीने उचलली, आडवी बसवली, वीस मिनिटांत काम झालं.

काम झालं की त्याच मुलांना पुन्हा तिथे घेऊन जा आणि मोजपट्टी त्यांच्याच हातात द्या. आमच्यातल्या एकाने वाकून पट्ट्या मोजल्या, टायर आडव्या पट्ट्यांवर ठेवून हळूच पुढे-मागे केला आणि वहीतल्या त्या जागेवर काट मारली. त्याच पानावर खाली आणखी सहा जागा लिहिलेल्या आहेत.