प्रगत नेटवर्किंगचा विषय घेण्यापूर्वी करावयाची तयारी

एम.टेक. किंवा एम.एस.ला प्रगत कॉम्प्युटर नेटवर्क्स हा विषय घेणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी गेट या प्रवेश परीक्षेसाठी सबनेटिंगची (नेटवर्कचे पत्ते लहान गटांत विभागण्याची) आणि स्लायडिंग विंडोची (पोचपावती येण्याआधी किती डेटा पाठवता येतो याची) गणिते सोडवलेली असतात. ती मेहनत वाया जात नाही, परंतु पुरतही नाही. कारण या पातळीवर एखादा प्रोटोकॉल (संगणकांमधील संवादाचा नियमसंच) काय करतो यापेक्षा तो असाच का रचला गेला आणि परिस्थिती बदलली की कुठे कमी पडतो, हे विचारले जाते. सत्र सुरू होण्यापूर्वीच्या सुट्टीत पुढील तयारी पूर्ण व्हावी.

सर्वप्रथम लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर किंवा व्हर्च्युअल मशीनवर मिनिनेट (एकाच संगणकावर आभासी नेटवर्क उभारणारे), वायरशार्क (पॅकेटे, म्हणजे डेटाचे तुकडे, टिपून दाखवणारे) आणि आयपर्फ3 (वेग मोजणारे) बसवून घ्यावेत. मिनिनेटमध्ये दोन होस्टांमध्ये 100 मेगाबिटांची लिंक जोडावी आणि नेटएम (विलंब आणि गळतीची नक्कल करणारे लिनक्समधील साधन) वापरून दोन्ही दिशांना 100-100 मिलिसेकंदांचा विलंब द्यावा, म्हणजे आरटीटी (जाऊन परत येण्याचा वेळ) 200 मिलिसेकंद होईल. आयपर्फ चालवण्याआधी उत्तर कागदावर काढावे: ही लिंक भरून वाहण्यासाठी 2 कोटी बिट, म्हणजे 25 लाख बाइट, एकाच वेळी वाटेत असावे लागतात. डेटा खात्रीने पोहोचवणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलच्या हेडरमध्ये विंडोसाठी (पोचपावतीविना वाटेत असू शकणाऱ्या बाइटांच्या मर्यादेसाठी) 16 बिटच आहेत, त्यामुळे विंडो स्केलिंग (हा आकडा ठरावीक पटीने वाढवण्याची सोय) नसेल तर 65,535 बाइटांच्या पुढे जाता येत नाही आणि वेग सेकंदाला सुमारे 2.6 मेगाबिटांवर अडकतो. हे स्केलिंग कनेक्शन सुरू करणाऱ्या सिन पॅकेटमध्येच ठरत असल्याने कॅप्चर (पॅकेटे टिपणे) कनेक्शन जोडले जाण्यापूर्वी सुरू करावे, नाहीतर वायरशार्कला खरी विंडो कळत नाही. संपूर्ण 200 मिलिसेकंद एकाच बाजूला दिले, तर नेटएमची मूळ 1000 पॅकेटांची मर्यादा अपुरी पडते आणि पॅकेटे गळू लागतात. तो दोष टीसीपीच्या माथी मारला जाऊ नये म्हणून मर्यादा वाढवून ठेवावी. कॅप्चरमध्ये 1500 बाइटांहून मोठी पॅकेटे दिसली, तर ती सेगमेंटेशन ऑफलोडिंगमुळे (मोठ्या डेटाचे तुकडे करण्याचे काम नेटवर्क कार्डावर सोपवल्यामुळे) दिसतात, हेही लक्षात असावे. नंतर एक टक्का पॅकेटे गाळून रेनो, क्युबिक आणि बीबीआर या टीसीपीच्या कंजेशन कंट्रोलच्या (नेटवर्कमधील कोंडी टाळण्यासाठी वेग ठरवण्याच्या) पद्धतींचे आलेख शेजारी शेजारी मांडावेत. ही तुलना स्वतः केलेल्या विद्यार्थ्याला कंजेशन कंट्रोलवरची व्याख्याने खऱ्या अर्थाने उमगतात, असे माझे ठाम मत आहे.

सी भाषेत सॉकेट (प्रोग्रामला नेटवर्कशी जोडणारी सोय) वापरून एक छोटा सर्व्हर लिहावा. टीसीपी बाइटांचा प्रवाह देते, संदेशांच्या सीमा जपत नाही. त्यामुळे एका रीडमध्ये अर्धाच संदेश हाती येऊ शकतो, हे त्या निमित्ताने पक्के होते.

गणितात संभाव्यता आणि रांगांचा सिद्धांत यांची उजळणी अत्यावश्यक आहे. एम/एम/1 रांगेत (यादृच्छिक आगमन व सेवाकाळ आणि एकच सेवक असलेल्या रांगेत) भार 90 टक्के असताना पॅकेटचा एकूण वेळ सरासरी सेवाकाळाच्या 10 पट असतो, तर 99 टक्क्यांना 100 पट. हा वक्र स्वतः काढून पाहावा, कारण डेटा सेंटरमधील विलंबाच्या बऱ्याच चर्चेचे मूळ त्यात आहे. ऑप्टिमायझेशनची तोंडओळख असली तरी चालते.

वाचनासाठी मोजकेच मूळ निबंध निवडावेत. एंड-टू-एंड तत्त्वावरचा (काही कामे नेटवर्कमध्ये नव्हे, तर दोन टोकांनाच पूर्णपणे करता येतात या विचारावरचा) सॉल्ट्झर, रीड आणि क्लार्क यांचा 1984चा निबंध आणि व्हॅन जेकबसन यांचा 1988चा कंजेशनवरचा निबंध हे दोन्ही सुट्टीतच संपवावेत. ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम 400 यार्डांचे असतानाही वेग सेकंदाला 32 किलोबिटांवरून 40 बिटांवर कोसळला होता. त्या कोसळण्याची कारणमीमांसा कशी केली आणि उपाय कसा सुचला, हे जेकबसन यांच्याच शब्दांत वाचण्यासारखे आहे. निबंध एका दमात वाचू नयेत: आधी प्रस्तावना व निष्कर्ष, मग आकृत्या आणि त्यांचे अक्ष, आणि शेवटी युक्तिवाद स्वतः पुन्हा मांडता येतो का ते पाहावे. याच्या जोडीला टीसीपीसाठी आरएफसी 9293 आणि क्विक या नव्या वाहतूक प्रोटोकॉलसाठी आरएफसी 9000 हे इंटरनेट मानकांचे दस्तऐवज चाळून ठेवावेत. आरएफसीतील मस्ट (सक्तीचे) आणि शुड (शिफारस केलेले) यांमधला फरक नीट समजून घ्यावा.

राउटिंगच्या बाबतीत डाइक्स्ट्रा (सर्वांत कमी अंतराचा मार्ग शोधण्याची रीत) येते म्हणून बीजीपी (इंटरनेटवरील स्वतंत्र नेटवर्कांमधील मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल) येते, असा समज सत्राआधीच दूर व्हावा. बीजीपीत मार्ग निवडताना अंतरापेक्षा धोरण आणि व्यावसायिक करार महत्त्वाचे असतात. फेब्रुवारी 2008 मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या /22 या पत्त्यांच्या गटातील एक /24 हा लहान गट आपला म्हणून जाहीर केला आणि अधिक नेमका प्रिफिक्स (पत्त्यांचा गट) जिंकतो या नियमाने जगभरातील वाहतूक तिकडे वळली. ही घटना समजून घेताना आपला प्रिफिक्स कोणी जाहीर करावा हे आरपीकेआय (पत्त्यांच्या मालकीची डिजिटल प्रमाणपत्रांची व्यवस्था) कसे तपासते आणि संपूर्ण मार्ग खोटा असेल तर ते का अपुरे पडते, याची टिपणे काढावीत.

सत्राच्या प्रकल्पासाठी नवी कल्पना आताच शोधत बसू नये. वाचलेल्या निबंधांपैकी एकातील एक आलेख निवडावा, तो मिनिनेटवर पुन्हा उभा राहतो का ते पाहावे, आणि आकडे जुळले नाहीत तर बफरचा आकार, कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्ती व ऑफलोडिंग या क्रमाने कारण शोधून प्रत्येक बदलाची नोंद तारखेसह ठेवावी.