कवितेवरील अवघड दीर्घोत्तरी प्रश्नाची फोड कशी करावी

पदवीच्या शेवटच्या वर्षी किंवा एम. ए.ला कवितेवरचा दीर्घोत्तरी प्रश्न अवघड जातो, तो बहुधा कविता समजलेली नसते म्हणून नव्हे, तर नेमके काय विचारले आहे हे ठरण्याआधीच लेखणी चालू लागते म्हणून. कवीचा परिचय, कालखंड, कवितेचा आशय, अलंकार आणि समारोप असा साचा पाठ झालेला असतो आणि कोणताही प्रश्न आला तरी उत्तर त्याच साच्यातून बाहेर पडते. परीक्षकाला ते पहिल्या पानावरच ओळखू येते. प्रश्नाची फोड कशी करावी, हे पुढील नमुना प्रश्नाच्या आधारे पाहू.

‘बालकवींच्या “औदुंबर” या कवितेकडे केवळ निसर्गचित्र म्हणून पाहणे अपुरे आहे.’ कवितेतील प्रतिमा आणि रचना यांच्या आधारे या विधानाची चिकित्सा करा.

पायरी पहिली : प्रश्नाचे तुकडे वेगळे करा

अशा प्रश्नात तीन गोष्टी असतात : एक विधान, एक आज्ञा आणि एक चौकट. येथे आज्ञा ‘चिकित्सा करा’ अशी आहे, म्हणजे विधान कितपत टिकते हे तपासून दाखवायचे आहे. ‘स्पष्ट करा’ असे असते तर विधान मान्य धरून उदाहरणे देता आली असती. ‘रसग्रहण करा’ असे असते तर कवितेतील सौंदर्यस्थळांपासून सुरुवात झाली असती. चौकट प्रतिमा आणि रचना यांची आहे. बालकवींना ‘बालकवी’ ही पदवी १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात मिळाली आणि १९१८ मध्ये रेल्वे अपघातात त्यांचे निधन झाले, ही माहिती खरी असली तरी येथे ती विचारलेली नाही. कवितेतल्या काळ्या डोहाचा त्या अपघाताशी संबंध जोडण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. औदुंबर हा दत्ताचा वृक्ष आहे, एवढ्या आधारावर कवितेला तपस्व्याची कथा बनवणेही तसेच धोक्याचे आहे, कारण कवितेच्या आठ ओळींत दत्ताचा उल्लेख कोठेही नाही.

पायरी दुसरी : विधानातील वजनदार शब्द शोधा

‘निसर्गचित्र’ हा शब्द ठळकपणे दिसतो, परंतु विधानाचा सगळा भार ‘केवळ’ आणि ‘अपुरे’ या दोन शब्दांवर आहे. ही कविता निसर्गचित्र आहे, हे विधानाने मान्यच केले आहे. म्हणून ‘ही निसर्गकविता नाहीच’ असे सिद्ध करू पाहणारे उत्तर जितके भरकटलेले, तितकेच ‘ही उत्कृष्ट निसर्गकविता आहे’ असे सांगून थांबणारे उत्तरही. या दोन शब्दांतून उपप्रश्न तयार होतात : चित्र म्हणून कवितेत काय दिसते, त्या चित्राने न उलगडणारे काय उरते, आणि जे उरते ते खरोखर ओळींत आहे की वाचकाने पदरचे घातले आहे? तिसऱ्या उपप्रश्नाकडे सर्वाधिक विद्यार्थी दुर्लक्ष करतात, आणि ‘चिकित्सा’ खऱ्या अर्थाने तेथेच घडते.

पायरी तिसरी : समीक्षकांकडे जाण्याआधी कवितेकडे जा

आता हातात पेन्सिल घेऊन कविता वाचावी आणि चौकटीत बसणारेच पुरावे टिपावेत. आधी रंग पाहू. ‘हिरवाळी’, ‘निळासावळा झरा’, ‘हिरवी गर्दी’, ‘पायवाट पांढरी’, ‘हिरव्या कुरणांमधुन’, ‘काळ्या डोहाकडे’ आणि ‘गोड काळिमा’ असा क्रम आहे. हिरवा तीनदा येतो, पण सहाव्या ओळीनंतर दिसेनासा होतो, आणि शेवटच्या ओळीत रंगाचा एकही शब्द नाही. मग क्रियापदे पाहावीत. झरा ‘वाहतो’, पायवाट ‘चालली’, काळिमा ‘पसरी’, आणि एवढ्या हालचालीनंतर औदुंबर ‘बसला’. दृष्टीचा प्रवासही तसाच आहे : दोन्ही तट, पलीकडच्या टेकडीजवळचे चार घरांचे गाव, शेतमळे, पायवाट असे करत नजर डोहापाशी येऊन थांबते.

रचनेत आणखी एक गोष्ट हाती लागते. कवितेचे नाव ‘औदुंबर’ असूनही तो शब्द कवितेत थेट अखेरीस येतो. त्यामुळे ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर’ वाचताना पसरवणारा कोण, हे ठरत नाही. पुढची ओळ संपल्यावरच झाडाकडे बोट जाते. शिवाय गाव आहे, मळे आहेत, पायवाट आहे, पण माणूस एकही नाही. माणसाच्या पायांनी पडलेली वाट ज्या डोहाकडे जाते, तेथे ‘पाय टाकुनी जळात’ बसलेले मात्र झाड आहे. येथे ‘चेतनगुणोक्ती अलंकार आहे’ (म्हणजे झाड माणसासारखे वागताना दाखवले आहे) एवढेच लिहून पुढे गेल्यास हातचा सर्वांत मोठा पुरावा वाया जातो.

पायरी चौथी : भूमिका एका वाक्यात लिहा

उत्तर सुरू करण्यापूर्वी कच्च्या पानावर एक वाक्य तयार व्हायला हवे. उदाहरणार्थ : ‘कवितेतील तपशील अखेरपर्यंत निसर्गाचेच असले, तरी त्यांचा क्रम गतीकडून स्थिरतेकडे आणि हिरव्याकडून काळ्याकडे जातो, आणि हा क्रम निसर्गवर्णनाच्या गरजेतून समजावता येत नाही.’ या वाक्यात विधानाला होकार आहे, पण तो मर्यादित आहे. कवितेत उदासी आहे की शांती, हा वाद येथेच मिटवण्याची गरज नाही.

परिच्छेदांचा क्रम ओळींच्या क्रमाने नव्हे, तर या भूमिकेच्या गरजेने लावावा. आधी चित्राची बाजू थोडक्यात मांडावी, मग रंग व गती, त्यानंतर औदुंबराला उशिरा आणणारी रचना. प्रत्येक परिच्छेदात दावा, ओळीतील नेमके शब्द आणि त्या शब्दांचे काम, एवढे असावे. ‘पहिल्या ओळीत कवी म्हणतो…’ अशी सुरुवात होऊ लागली की आपण उत्तर सोडून भावार्थ लिहीत आहोत, असे समजावे.

पायरी पाचवी : विरुद्ध बाजूला जागा द्या

काळा रंग आला म्हणजे दुःख आले, हे समीकरण येथे ‘गोड’ या विशेषणामुळे अडखळते. विरोधी वाचक असेही म्हणू शकतो की झाडाच्या सावलीने पाणी काळे दिसणे हा साधा डोळ्यांचा अनुभव आहे आणि त्यात मनोवस्था शोधणे अनाठायी आहे. हा आक्षेप प्रामाणिकपणे मांडून, सावलीचे वर्णन एवढाच हेतू असता तर ‘बसला असला’ या मुद्रेची गरज का पडली असती, असा प्रतिप्रश्न करता येतो. येथे एखाद्या समीक्षकाचे मत घेणे योग्य ठरते, मात्र ते आपल्या दाव्याच्या जागी वापरू नये.

वेळेचे म्हणाल, तर ४० मिनिटांच्या उत्तरासाठी ८ ते १० मिनिटे या फोडीला द्यायला हरकत नाही, आणि शेवटची ३ मिनिटे खोडण्यासाठी राखून ठेवावीत. ‘कवीने निसर्गाचे मनोहारी चित्र शब्दबद्ध केले आहे’ यासारखे, कोणत्याही निसर्गकवितेला चालेल असे वाक्य सापडल्यास ते काढावे आणि त्या जागी ‘अडवीतिडवी’ पडलेली ती पायवाट काय करते, हे लिहावे.