टीव्हीचं चित्र गेलं? आधी टॉर्च आणा

आवाज येतोय, चॅनेल बदलतंय, पण पडदा काळाकुट्ट. गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या अण्णांच्या 32 इंची जुन्या एलसीडीचं असंच झालं. मेकॅनिक आला, लांबूनच बघून "पॅनल (म्हणजे पडद्याची काच) गेलं, नवीन घ्या" म्हणाला आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. पॅनल शाबूत होतं. पॉवर कार्डावरचे, म्हणजे टीव्हीला वीज पुरवणाऱ्या कार्डावरचे, दोन कंडेन्सर (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या) फुगले होते.

"पॅनल गेलं" म्हणणं सगळ्यात सोपं, कारण त्यावर कुणी वाद घालत नाही. म्हणून टीव्ही दुकानात नेण्याआधी आपला आपण तपास करावा. एलसीडीची काच स्वतः उजेड देत नाही, हे आधी ध्यानात घ्या. मागे दिवे असतात, पुढे काच असते आणि काचेला काय दाखवायचं ते सांगणारं कार्ड असतं. या तिघांपैकी कोण रुसलंय एवढंच शोधायचं.

रात्री खोलीतला दिवा घालवा, टीव्ही चालू करून रिमोटवरून मेनू उघडा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला अगदी जवळून, तिरका धरा. मेनूची अक्षरं पुसट दिसली तर काच ठीक आहे, मागचा उजेड गेलाय. काहीच दिसलं नाही आणि मागून उजेडही येत नसेल, तर पॉवर कार्ड किंवा मदरबोर्डाकडे (मुख्य कार्डाकडे) संशय वळतो. उजेड आहे पण चित्र नाही, तर काचेपर्यंत सिग्नलच पोचत नाही.

चित्र येतं पण खराब येतं, तर मेनूच निकाल देतो. चित्र फाटलंय आणि मेनू स्वच्छ, म्हणजे दोष बहुधा टीव्हीबाहेर आहे: सेट टॉप बॉक्स, केबल किंवा ते सॉकेट. दुसऱ्या सॉकेटला जोडून बघा, पेनड्राइव्हवरचा एखादा फोटो लावून बघा. मेनूवरही तशाच रेषा असतील तर मात्र मागचं झाकण काढावं लागेल.

झाकण काढण्याआधी एक इशारा, आणि तो मनावर घ्या. पॉवर कार्डावरच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये साधारण 325 व्होल्ट डीसी असतात, काही टीव्हींत 380 ते 400. प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात. स्क्रूड्रायव्हर लावून ठिणगी पाडायची ती जुनी मर्दानगी नको. प्लग काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग झाकण निघाल्यावर आधी मल्टिमीटर डीसीच्या 600 किंवा 1000 व्होल्टच्या रेंजवर ठेवून त्या कंडेन्सरचे दोन्ही पाय मोजा. व्होल्टेज उरलं असेल तर होल्डरमधल्या 60 वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बच्या इन्सुलेटेड तारा त्या पायांना लावून उतरवा आणि पुन्हा मोजा. वीसच्या खाली आल्याशिवाय बोट लावू नका. हे कधी केलेलं नसेल तर इथपासून जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

टीव्ही जाड चादरीवर पालथा ठेवा. सोलापुरात चादरीला तोटा नाही. स्क्रू कुठला कुठून काढला ते मोबाइलवर फोटोत धरा, कारण त्यांच्या लांब्या सारख्या नसतात.

आत पहिल्यांदा दिसेल ती धूळ. शहराच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर घर असेल, तर कापसाच्या तंतूंचा थर जाळ्यांवर गादीसारखा बसलेला असतो. कोरड्या मऊ ब्रशनं काढा. तोंडानं फुंकलं तर थुंकी उडते. हा थर हवा अडवतो, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 43-44 ला गेला की आतली उष्णता आणखी चढते. साधारण हिशेब असा की दर 10 अंशांनी इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य निम्म्यानं घटतं. अण्णांचे कंडेन्सर मे महिन्यातच का गेले, ते यात आलं.

चांगल्या कंडेन्सरचा माथा सपाट असतो. फुगलेला, फाटलेला किंवा बुडाशी तपकिरी ओल दिसणारा बदलायचा. टीव्ही चालू व्हायला वेळ लावत असेल किंवा पडदा उजळून लगेच विझत असेल, तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. अर्थात फुगलेला दिसत नाही म्हणून चांगला आहे असंही नाही. नवा घेताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त आणि तापमान 105 अंश लिहिलेलं हवं. 85 वाला स्वस्त पडतो, पण इथल्या उन्हाळ्यात तो कामाचा नाही. अंगावर पट्टा असलेली बाजू निगेटिव्ह. जुना काढण्याआधी ती खूण कार्डावर बघून ठेवा, उलटा बसला तर फुटतो. 25 ते 40 वॅटची सोल्डरिंग गन पुरते.

कंडेन्सर ठीक आणि उजेड नाही, तर दिवे. साधारण 2012 आधीच्या जाडसर टीव्हीत बहुधा बारीक ट्यूबा असतात. त्यांतली एक दमली तरी त्या ट्यूबांना वीज देणारा टीव्हीतला इन्व्हर्टर सेकंद-दोन सेकंदांत सगळं बंद करतो. इन्व्हर्टरवर हजाराच्या घरात व्होल्ट असतात, तिथे साधं मल्टिमीटर लावू नका. ट्यूबांत पारा असतो, त्या फोडू नका. नंतरच्या टीव्हींत एलईडीच्या पट्ट्या असतात. एक एलईडी जळून सर्किट तुटलं की त्याच्या ओळीतले सगळे विझतात. बदलायच्या तर पूर्ण सेट बदला, एकच बदलली तर उरलेल्या जुन्या पट्ट्या लवकरच पुन्हा दगा देतात. इथे काच उचलावी लागते, ती दोघांनीच उचलायची, आणि मला विचाराल तर हे काम दुकानातच द्यावं. चित्र निळसर-जांभळं दिसायला लागलं असेल तर एलईडी म्हातारे झालेत. नव्या पट्ट्या बसवल्यावर सेटिंगमधला बॅकलाइट थोडा खाली ठेवला की त्या जास्त टिकतात.

अर्धा पडदा गायब, रंग वाहून गेल्यासारखे किंवा फोटोच्या निगेटिव्हसारखं चित्र असेल, तर काचेजवळचं छोटं कार्ड बघा. दुकानात त्याला टीकॉन म्हणतात. प्लग काढलेला असताना त्याची रिबन लॉक सोडवून सरळ काढा, टोकं आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसा, वाळू द्या, परत घट्ट बसवा. बऱ्याच वेळा एवढ्यानंच भागतं. कार्डावरचा चिमुकला फ्यूजही मल्टिमीटरच्या बीपवर तपासा.

वरपासून खालपर्यंत एकच उभी, कायमची रेषा मात्र बहुधा काचेचीच. तिथली चौकट हलकेच दाबल्यावर रेषा हलली, तर काचेला चिकटवलेली पट्टी सुटलीय. फोमचा तुकडा दाबून काही दिवस निघतात, त्यापुढे नाही. आणि शाई सांडल्यासारखा काळा डाग म्हणजे काच आतून फुटलेली. तिथे एक रुपयाही घालू नका, चालू कार्डं मात्र काढून ठेवा. त्याच मॉडेलवाला कुणीतरी ती शोधत असतो.

अण्णांच्या टीव्हीला झाकण लावण्याआधी अर्धा तास तसाच चालवून बघितला, मागे कुणालाही हात लावू न देता. मग जागा बदलली: यंत्रमागांच्या बाजूच्या खिडकीखालून आतल्या भिंतीवर, चारी बाजूंनी चार बोटं मोकळी सोडून.