प्रशिक्षणातच संपलेले आयुष्य कसे शोधावे आणि कसे लिहावे

दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील ब्रिटिश राष्ट्रकुल हवाई प्रशिक्षण योजनेतून १,३१,५५३ हवाई सैनिक तयार झाले आणि ८५६ जण शिकता शिकताच गेले. शत्रूचे विमान दृष्टीसही न पडलेल्या या मुलांना इतिहासात जेमतेम एक ओळ मिळते. त्यांच्यापैकी एखाद्याचे चरित्र लिहायला घेताना अपघातापासून सुरुवात करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

आधी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधावे आणि सेवा क्रमांक टिपून घ्यावा, कारण एकाच नावाचे अनेक जण निघतात. हुद्दा ‘लीडिंग एअरक्राफ्टमन’ असला तरी तेवढ्यावर विसंबू नये. तो जमिनीवरच्या तंत्रज्ञांनाही असे. छायाचित्रात टोपीच्या पुढच्या घडीत पांढरी पट्टी दिसली, तर तो हवाई प्रशिक्षणार्थी, हे नक्की समजावे.

रॉयल कॅनेडियन एअर फोर्समधील मृतांच्या सेवा-फायली कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मुलगा ऑस्ट्रेलियाचा असेल, तर त्याच्या देशाच्या अभिलेखागारात पाहावे. फाईल हाती आली की तारखेच्या क्रमाने वाचावी आणि भरतीच्या अर्जापाशी भरपूर वेळ थांबावे. वडिलांचा व्यवसाय, शाळा, आधीची नोकरी, आवडते खेळ आणि छंद तिथे नोंदलेले असतात, आणि खाली सही असते. मागे उरलेले त्याचे स्वतःचे अक्षर बहुधा एवढेच.

पुढे शिक्षकांचे शेरे येतात: आधी टायगर मॉथ किंवा फ्लीट फिंच या प्राथमिक प्रशिक्षणाच्या विमानांवरचे, नंतर हार्वर्ड किंवा ॲन्सन या पुढच्या टप्प्याच्या विमानांवरचे. उड्डाणाचे तास आणि शेरे शेजारी शेजारी मांडले की त्याची प्रगती दिसू लागते.

चौकशी मंडळाचा अहवाल सर्वांत शेवटी वाचावा. मंडळ अपघाताचे कारण शोधत असते, माणूस नव्हे. म्हणून ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द आढळले, तर तोवर त्याचे किती तास उड्डाण झाले होते, हे त्याच वाक्यात लिहावे.

देह सापडलाच नसेल, तर नाव ओटावा स्मारकावर शोधावे. तिथे अशा सुमारे ८०० जणांची नोंद आहे. समाधी असेल, तर दगडाच्या तळाशी कुटुंबाने निवडलेली ओळ असू शकते. ती मूळ भाषेत, जशीच्या तशी उतरवून घ्यावी.