गरोदरपणात कायरोप्रॅक्टरकडे जाण्याआधीची तयारी

कायरोप्रॅक्टर म्हणजे हाताने दाब देऊन मणक्यांवर आणि सांध्यांवर उपचार करणारा. त्याची अपॉइंटमेंट नंतर घ्या, आधी तुमच्या प्रसूतितज्ज्ञांशी बोला. कंबर किंवा ओटीपोट दुखतंय म्हणजे सांधेच दुखतायत असं नसतं. लघवीचा संसर्ग किंवा वेळेआधी सुरू झालेल्या कळाही तिथेच जाणवतात. अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल, ताप असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, एकाच पोटरीला सूज आली असेल, डोकं फार दुखून अंधुक दिसत असेल, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला असेल, तर कायरोप्रॅक्टरचा विचारही नको, थेट हॉस्पिटल गाठा. वार (प्लासेंटा) खाली आहे, रक्तदाब वाढलाय किंवा रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू आहेत, अशा वेळी ‘हलक्या हाताने तर करणार आहेत’ म्हणून स्वतःच ठरवून मोकळं होऊ नये.

डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं की चार-पाच दिवस दुखण्याकडे नीट लक्ष द्या आणि लिहून ठेवा. दुखतं ते पुढे, जांघेच्या मधल्या हाडावर, की मागे, कमरेखालच्या दोन खळग्यांपाशी? अंथरुणात कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून कपडे घालताना कळ येते का? साधारण पाचातल्या एका गरोदर बाईला असा त्रास होतो. त्याचं खापर नेहमी सांध्यांचे बंध सैल करणाऱ्या रिलॅक्सिन या संप्रेरकावर फोडलं जातं, पण त्याची पातळी जास्त म्हणून दुखणं जास्त, असा सरळ हिशेब अभ्यासांतून निघालेला नाही. चालण्या-उठण्याच्या सवयी, स्नायूंची ताकद, आधीची पाठदुखी या गोष्टीही मोजाव्या लागतात. तेव्हा त्याही लिहा.

फोनवरच विचारून घ्या: परवाना आहे का, गरोदर बायकांवर नेहमी उपचार करता का? ‘वेबस्टर तंत्र’ हे नाव कानावर पडेल, ती गरोदरपणात ओटीपोटाच्या सांध्यांवर करायची कायरोप्रॅक्टरची एक पद्धत. पण त्याने पायाळू बाळ फिरतंच अशी हमी कुणी दिली, तर दुसरा माणूस शोधा. तसा भक्कम पुरावा नाही. एकूणच गरोदरपणातल्या या उपचाराचा पुरावा तोकडा आहे. माझं मत विचाराल तर व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट आधी, हे नंतर.

जाताना सैल कपडे, सोनोग्राफीचे रिपोर्ट, औषधांची यादी. सोबत कुणी असलं तर बरं.

पोट मोठं झाल्यावर बराच वेळ पाठीवर झोपवलं तर मोठ्या रक्तवाहिनीवर भार येऊन चक्कर येऊ शकते, म्हणून कुशीवर किंवा पोटासाठी खळगा असलेल्या उशीवर झोपवतात. एक्स-रे नको आणि मान झटक्याने वळवायची नाही, हे आधीच सांगा. कंबर दुखायला आली असताना मानेला हात लावायचं कारणच काय? काय करणार ते प्रत्येक वेळी विचारून करावं आणि ‘थांबा’ म्हटल्यावर हात थांबावा. पहिल्याच दिवशी वीस भेटींचं पॅकेज पुढे केलं, तर पैसे भरू नका.

नंतर एखाद-दुसरा दिवस अंग ठणकू शकतं. टेबलावरून उठताना गुडघे जुळवून कुशीवर वळा, हाताचा आधार घ्या. घरीही तसंच, आणि झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. ती जुनी नोंद पुढेही चालू ठेवा. तीन-चार भेटींनंतरही कूस बदलताना तेवढीच कळ येत असेल, तर पुढची वेळ रद्द करा आणि कमरेच्या आधारपट्ट्याबद्दल डॉक्टरांना विचारा.