लवकर आलेल्या बाळाचा श्वास घरी कसा मोजायचा

आमची चिऊ ३५व्या आठवड्यातच आली. वजन सव्वादोन किलो, म्हणून कोथरूडच्या घरी सगळे निर्धास्त. पण ३७ आठवड्यांआधीच्या बाळाची फुप्फुसं जरा कच्चीच असतात. ती उघडी ठेवणारं सर्फॅक्टंट नावाचं द्रव्य कमी पडू शकतं.

म्हणून श्वास मोजायला शिका. बाळ शांत झोपलेलं हवं, रडताना मोजू नका. झबलं वर करा, पोटावर नजर ठेवा, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. ही बाळं मधेच पाच-दहा सेकंद थांबतात, मग भराभर श्वास घेतात. (पहिल्यांदा मी घाबरून सासूबाईंना उठवलं होतं.) आकडा ६० किंवा जास्त आला तर पुन्हा मोजा. परत तेवढाच? लगेच डॉक्टरांकडे.

बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बाळ कण्हतंय, ओठ-जीभ निळसर दिसतायत, श्वास २० सेकंद थांबलाय, तर मोजत बसू नका, १०८ लावा.

आणि ओवा-वेखंडाची धुरी? आमच्याकडे शेगडी तयारच होती. मी ती उचलून गॅलरीत ठेवली. दोन दिवस अबोला चालला. चालू दे म्हटलं.