विमानाचे कंट्रोल सरफेस बसवायला घेताय? मग आधी एवढं तयार ठेवा

सगळ्यात आधी प्लॅन्समधलं ट्रॅव्हलचं पान प्रिंट काढून भिंतीला चिकटवा, कुठला सरफेस (पंखांवरचे एलरॉन, शेपटीवरचा आडवा एलिव्हेटर आणि उभा रडर) किती डिग्री हलतो, वर किती आणि खाली किती, कारण आठवणीवर हे काम करायचं नसतं. एलरॉन बऱ्याच डिझाइनमध्ये वर जास्त जातो आणि खाली कमी, ते मुद्दाम केलेलं असतं, नाहीतर वळताना नाक उलट्या बाजूला ओढलं जातं, त्यामुळे वर आणि खाली सारखं करत बसू नका. डिजिटल अँगल मीटर, इंच-पाउंडचा छोटा टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायला), नव्या कोऱ्या कॉटर पिना (नट फिरू नये म्हणून बोल्टच्या भोकातून घालायच्या), सेफ्टी वायर (जोड सैल होऊ नये म्हणून बांधायची तार), केबल असतील तर त्यांचा ताण मोजणारा टेन्शन मीटर, हे हाताशी हवंच.

पेंट झालाय का? नसेल तर मास बॅलन्सचं (सरफेसच्या तोलासाठी हिंजच्या, म्हणजे बिजागरीच्या पुढे लावतात ते) फायनल वजन आत्ता ठरवू नका, हिंजच्या मागे रंगाचं वजन वाढतं आणि बॅलन्स बिघडतो, तिथूनच फ्लटरचा, म्हणजे उडताना सरफेस जोरात फडफडायला लागण्याचा धोका सुरू होतो.

मग हिंज. आधी सरफेस नुसता टांगून बघा, पुश रॉड (स्टिककडून सरफेसला ढकलणारा-ओढणारा दांडा) न जोडता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने फिरवा, कुठेही अडखळला तर हिंज एका रेषेत नाहीत. बोल्ट आवळून तो जबरदस्तीने रेषेत आणू नका प्लीज, शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी लावा.

आता न्यूट्रल, म्हणजे सरफेसची मधली स्थिती, आणि इथे घाई अजिबात नको. स्टिक बरोबर मध्ये, लाकडी पट्टी आणि क्लॅम्प लावून घट्ट, पेडलसुद्धा, मग सरफेस न्यूट्रलला आणा आणि मीटर तिथे झीरो करा, पुढचं प्रत्येक माप इथूनच मोजायचंय. रॉड एंड (पुश रॉडच्या टोकाचा बेअरिंगवाला, थ्रेडचा तुकडा) फिरवून लांबी जुळवताना थ्रेड किती आत उरलेत ते बघा, तपासणीचं भोक असेल तर त्यात बारीक तार घाला, आत गेली म्हणजे थ्रेड पुरेसे नाहीत. रॉड एंड फिरू न देणारा जॅम नट विसरू नका. रॉड एंड एकाच बाजूने धरलेला असेल तर बाहेरच्या बाजूला मोठा वॉशर हवा, बेअरिंग निखळलं तरी रॉड सुटून जात नाही, एवढ्याशा वॉशरवर विमान वाचतं. बोल्ट फिरत असेल तिथे नायलॉन लॉकनट चालत नाही, कॅसल नट (कॉटर पिनसाठी खाचा असलेला) आणि कॉटर पिनच.

केबलचं टेन्शन घेताना तापमान लिहून ठेवा, उन्हात ॲल्युमिनियमची बॉडी स्टीलच्या केबलपेक्षा जास्त पसरते आणि टेन्शन चढतं. टर्नबकलबाहेर (केबलचा ताण कमी-जास्त करायचा फिरता जोड) तीनपेक्षा जास्त थ्रेड दिसायला नकोत.

शेवटी दुसरा माणूस बोलवा, ज्याने हे काम केलेलं नाही असा. तुम्ही आत बसा, त्याने बाहेरून बघून मोठ्याने सांगायचं: स्टिक उजवीकडे, उजवा एलरॉन वर. स्टिक मागे, एलिव्हेटर वर. उजवा पेडल, रडर उजवीकडे. एलिव्हेटर पूर्ण वर धरून रडर दोन्हीकडे फिरवा, कुठे घासतंय का. तोपर्यंत इन्स्पेक्शन कव्हर उघडीच ठेवा, आणि बंद करायच्या आधी टूल्स मोजा.